धुळाप्पाची पॉलिश

लोखंडाचा खडबडीत तुकडा धुळाप्पाच्या हातात द्या आणि चहा पिऊन या. परत येईपर्यंत त्या तुकड्यात तुम्हाला स्वतःच्या भुवया दिसणार. यात थाप नाही. सोलापूरच्या बाहेर एक इंजिनिअरिंग कॉलेज आहे, तिथल्या धातूंच्या लॅबमध्ये धुळाप्पा सरगर हा मदतनीस. धातूचे तुकडे घासून आरशासारखे करणं हे त्याचं काम. सूक्ष्मदर्शकाखाली धातू बघायचा तर त्याचं तोंड असं चकचकीतच लागतं. एक ओरखडा राहिला तरी पोरं त्या ओरखड्याचंच चित्र वहीत काढून मोकळी होतात. धुळाप्पाच्या तुकड्यावर ओरखडा राहत नसे. आणि हे त्याला पक्कं माहीत होतं, तीच तर सगळी भानगड.

मूळचा तो सांगोल्याकडचा, धनगराचा. बाप मेंढरांमागं रानोमाळ फिरायचा, त्यामुळं पोरानं शाळा बघितली ती बाहेरूनच. पण लोकर कातरायला बापानं शिकवलं. हात हलला की मेंढराचं कातडं जायचं आणि कातडं गेलं की धुळाप्पाच्या पाठीचं जायचं, असा सरळ हिशेब होता. पुढं दुष्काळामागून दुष्काळ आले. टँकरचं पाणी माणसांनाच पुरेना, तिथं मेंढरांना कोण विचारतो? कळप निम्मा झाला, मग निम्म्याचा निम्मा. धुळाप्पा सोलापुरात मावसभावाकडं आला आणि एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, चिकटला. आधी साच्याच्या मातीत, मग भट्टीवर. एक दिवस फाउंड्रीतल्या लॅबच्या साहेबांनी त्याला बोल्ट आवळताना बघितलं आणि आत ओढून घेतलं. का, तर या गड्याचा हात हलत नाही म्हणून.

तिथं तो हे काम शिकला. धातूचा तुकडा असतो नखाएवढा, बोटात धरून घासता येत नाही. म्हणून तो बेकेलाईट नावाच्या काळ्या भुकटीत ठेवायचा, प्रेसमध्ये घालून दाबायचा आणि चांगला तापवायचा. भुकटी घट्ट होते आणि बाहेर येतो एक काळा ठोकळा, त्याच्या तोंडावर मधोमध तो तुकडा. मग हा ठोकळा एकापेक्षा एक बारीक पॉलिश पेपरवर घासत न्यायचा आणि शेवटी मखमलीच्या फिरत्या चाकावर धरायचा. उभा जन्म धुळाप्पानं हे केलं. फाउंड्री बंद पडली तेव्हा बाकीचे कुणी वॉचमन झाले, कुणी रिक्षा धरली. धुळाप्पाला माणसं पुरवणाऱ्या एका ठेकेदारानं या कॉलेजात आणून सोडलं. पगार कमी, पण चाक होतं, पेपर होते, प्रेस होती. जवळच्या कुंभारी गावात एका खोलीत तो आणि त्याची बायको मायाक्का राहायचे. मूलबाळ नव्हतं. मायाक्काला साखरेचा आजार होता, तोंडाची मात्र ती तिखट.

"तुमचं काय," ती म्हणायची, "तुमी घासायला बसला की घर जळालं तरी उठणार न्हाय."

धुळाप्पा नुसता हसायचा.

या लॅबमध्ये पूनम आली ती पीएचडी करायला. ती पण सांगोला तालुक्यातली, धनगराचीच. बाप अजून मेंढरं राखणारा, थोडी डाळिंबं लावलेली. घराण्यात कॉलेजचा जिना चढलेली पहिलीच. लॅबमधल्या मदतनिसाला पोरं मामा म्हणतातच, पण हिच्या आईचं माहेर धुळाप्पाच्या गावाशेजारचं निघालं आणि तो खराच मामा झाला. मायाक्का सणावाराला तिच्यासाठी डबा पाठवू लागली. डब्यात काय आहे हे धुळाप्पाला विचारायचीही मुभा नव्हती.

पूनमचं काम ॲल्युमिनियमचं होतं. मॅग्नेशियम घातलेल्या ॲल्युमिनियमची कांडी घ्यायची आणि कोपऱ्यात वळलेल्या भोकातून प्रेसनं दाबून पलीकडं काढायची. बाहेर आली की परत घालायची, परत दाबायची. कांडी दिसायला तेवढीच राहते, पण आतून तिचा पार भुगा होतो. धुळाप्पाला पहिल्यांदा हे बघून हसू आलं.

"एकाच दारातनं घालायचं आन् काढायचं, ह्यात कसलं शिक्षण, पोरी?"

"मामा, पंगत बसलेली बघितलीय का न्हाय?" पूनम म्हणाली. "धातूत अणू तसे बसलेले असतात, ओळीत. आपण दाबलं की ओळी मोडतात, सरकतात. एखादी ओळ चुकीच्या जागी जाऊन बसते. ह्या चुका जितक्या जास्त, तितका धातू कठीण. मी त्या चुका मोजतेय."

"चुका मोजायला सरकार पैसं देतंय?"

"देतंय की. तीच तर गंमत हाय."

पण गंमत त्याहून मोठी होती. पुण्याच्या एका सरकारी प्रयोगशाळेत भलंमोठं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आहे. तिथं पूनमनं एक तुकडा नेला आणि त्यात तिला असं काही दिसलं की तिचं जेवणावरचं मन उडालं. अणूंच्या ओळींचा एक पट्टा, त्याला लागून तसाच दुसरा पट्टा, पण उलटा. आरशात बघितल्यासारखा. तांब्यात हे होतं, पितळेत तर हमखास होतं. ॲल्युमिनियम मात्र असल्या चुकीला दारात उभं करत नाही, असं सगळी पुस्तकं सांगतात. आणि तो पट्टा किती रुंद? डोक्याच्या केसाचे उभे वीस हजार काप केले तर त्यातला एक काप. पूनमनं त्याचा फोटो मोबाईलवर धुळाप्पाला दाखवला. त्याला दिसले ते करडे ठिपके.

"हे बघा मामा, ह्या रेघेवर ओळ वळलीय," ती बोट ठेवून म्हणाली. तिचा आवाज कापत होता.

त्याला रेघ दिसली की नाही देव जाणे. पण पोरीचा आवाज त्याला कळला. घरी जाऊन तो मायाक्काला म्हणाला, "आपल्या पूनमला कायतरी घावलंय. जगात कुणाला दिसलं न्हाय असलं."

लेख लिहिला, परदेशी मासिकाला पाठवला. तिकडून उत्तर आलं ते थंड पाण्याच्या घागरीसारखं. एका तुकड्यातल्या एका फोटोवर आम्ही कसा विश्वास ठेवायचा? तुकडा तयार करतानाच हे घडलं नसेल कशावरून? त्याच कांडीचे दुसरे तुकडे तपासा, त्यात दिसलं तर बोलू. तसं त्यांचं चुकलं नव्हतं. पण कॉलेजात कुजबुज सुरू झाली. सांगोल्याच्या पोरीला म्हणे जगावेगळं दिसलं, फोटो कुठून उचलला विचारा जरा. तिचे मार्गदर्शक गुरुशांत सर. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. त्यांनी पूनमला बोलावून सांगितलं, "दुसऱ्या तुकड्यात दाखव, नाहीतर लेख मागं घ्यावा लागेल. आणि लेख मागं गेला की प्रबंध कशावर उभा करणार?"

आता त्या कांडीचे उरलेले तुकडे होते मूठभर. पहिला तुकडा तपासणीतच संपला होता. नवीन कांडी काढावी तर तो वळणाचा साचाच शेवटच्या दाबाला तडकला होता आणि नव्या साच्याला कॉलेज नाही म्हणत होतं. पूनमची शिष्यवृत्तीही संपत आली होती. म्हणजे जे काय सिद्ध व्हायचं ते फ्रिजमधल्या त्या मूठभर तुकड्यांतून. तेवढ्यावर पोरीचं सगळं लटकलं होतं, आणि हे लॅबमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. धुळाप्पाला तर सगळ्यात जास्त.

फ्रिजमध्ये का, तर उन्हाळा. सोलापूरचा मे महिना काय सांगायचा? लॅबच्या पत्र्याखाली दुपारी खुर्चीला हात लावला तर चटका बसतो. "मामा, हे उन्हात राहू द्यायचं न्हाय," पूनमनं एकदा सांगितलं होतं, आणि धुळाप्पानं मान हलवली होती. ती आपले तुकडे बेकेलाईटमध्ये घालत नसे. एका पातळ राळेत ठेवायची, ती राळ आपोआप घट्ट व्हायला रात्रभर घ्यायची. धुळाप्पाला त्या राळेचा भारी राग. मऊ असते, कडेला घासताना ढासळते, तोंड सपाट येत नाही. तो पूनमला टोमणे मारायचा, "पुण्याला असलं तोंड घेऊन जाणार? लोकं म्हणतील, सोलापुरात पॉलिश करणारं कुणी मेलं का?" ती हसायची. का बेकेलाईट वापरत नाही ते तिनं नीट सांगितलं नाही, आणि त्यानं नीट विचारलं नाही. दोघांनाही वाटायचं, समोरच्याला माहीत असणार.

पुण्याची तारीख महिनोन्‌महिने थांबल्यावर मिळाली. आणि नेमकी तेव्हाच पूनमची आई उन्हानं भोवळ येऊन रानात पडली. सांगोल्याच्या दवाखान्यात ठेवली. पूनम धावली. दिवस सरत चालले, तारीख जवळ आली, आई शुद्धीवर यायची आणि परत बडबडायची. मग पूनमनं धुळाप्पाला फोन केला.

"मामा, एक काम कराल का? फ्रिजातले तुकडे बर्फाच्या डब्यात घालून हितं आणून द्याल? मला सोलापूरला यायला जमत न्हाय. हितनं सरळ पुण्याला जाते, तितं करीन कसंतरी."

"कसंतरी" हा शब्द धुळाप्पाच्या काळजाला लागला. कसंतरी का म्हणून? पोर आईच्या उशाशी बसलेली, डोळ्याला डोळा नाही. पुण्यात जाऊन राळ कालवणार, घासत बसणार, तोपर्यंत तारीख निघून जाणार. आणि इथं आपण कशाला आहोत? घरी त्यानं मायाक्काला बेत सांगितला. मायाक्का भाकरी थापता थापता थांबली.

"तिनं नुसतं आणा म्हणलंय की."

"नुसतं आणायला मी पोस्टमन हाय का?"

"मग विचारून तरी बगा एकदा."

"त्यात काय विचारायचं? जलमभर तेच करत आलोय. दवाखान्यातल्या पोरीला फोन करकरून आणि कशाला तरास?"

"आवं, ते फ्रिजात ठेवलंय म्हंजे कायतरी असंलच की."

"तुझं इन्शुलिन फ्रिजात ठेवतो," धुळाप्पा म्हणाला, "टोचताना बाहेर काढतोच का न्हाय?"

मायाक्का परत भाकरी थापू लागली. तिला तरी बिचारीला काय माहीत!

दुसऱ्या दिवशी धुळाप्पानं लॅब उघडली, प्रेस पुसली, आणि असतील नसतील तेवढे सगळे तुकडे बेकेलाईटमध्ये घातले. एखादा मागं ठेवावा असंही त्याच्या मनात आलं नाही. करायचं तर सगळं करायचं, हा त्याचा स्वभाव. प्रेस तापली, दाब चढला, एकेक काळा ठोकळा बाहेर आला. मग तो घासायला बसला. सगळ्या आयुष्यात त्यानं इतकं मन लावून घासलं नव्हतं. ॲल्युमिनियम मऊ, चिडकं, जरा जोर जास्त झाला की ओरबाडतं. तो श्वास धरून चाकावर ठोकळा टेकवायचा. शेवटी एकेक तुकडा असा झाला की त्यात त्याला छतावरचा पंखा फिरताना दिसला. त्यानं प्रत्येक ठोकळा कापसात गुंडाळला, डब्यात भरला, चिकटपट्टी लावली. आणि फ्रिजातली वस्तू म्हणून तो डबा बर्फात ठेवला. आधी भट्टीगत तापवलेलं, मग बर्फात! सांगोल्याच्या गाडीत बर्फ वितळला तसा त्यानं वाटेत उतरून शीतपेयाच्या दुकानातून नवा घेतला आणि परत डबा त्यात खोचला.

दवाखान्याच्या फाटकाशी पूनम उभी होती. पार वाळली होती. त्यानं डबा तिच्या हातात दिला.

"उघडू नगो. धूळ बसंल," तो म्हणाला. "मी सगळं करून दिलंय. तू नुसतं यंत्राखाली धर."

"म्हंजे?"

"पॉलिश, गं. जा आता, गाडी चुकंल. आईकडं मी बसतो."

तिला गाडीची घाई होती. राळेत घालून घासले असतील, असंच ती समजली. तिनं वाकून त्याच्या पायाला हात लावला आणि पळाली. धुळाप्पा संध्याकाळपर्यंत तिच्या आईला पदरानं वारा घालणाऱ्या म्हाताऱ्या मावशीशेजारी बसून राहिला. इतका आनंद त्याला कधी झाला नव्हता.

पूनम पुण्याहून थेट कॉलेजात आली नाही. आधी सांगोल्याला गेली, आईला दवाखान्यातून घरी नेलं आणि चार-सहा दिवसांनी आली. डबा कपाटात ठेवला. धुळाप्पा हात पुसत पुढं झाला.

"दिसलं का?"

"न्हाय, मामा. न्हाय दिसलं."

"सगळ्यात बगितलं?"

"सगळ्यात."

तिच्या तोंडाकडं बघून पुढचं विचारायची त्याची छाती झाली नाही. पुढच्या आठवड्यात तिला कॉलेजच्या चौकशी कमिटीपुढं बसवलं. धुळाप्पा आत चहा घेऊन गेला तेव्हा कुणीतरी विचारत होतं, पहिला फोटो नक्की आपल्याच तुकड्याचा होता का? पूनम म्हणत होती, होता. आता का दिसत नाही? सांगता येत नाही. गुरुशांत सर खाली टेबलाकडं बघत होते. लेख मागं घ्यायचं ठरलं. धुळाप्पानं कप ठेवले आणि तो बाहेर आला. त्याला त्या साहेबांचा संताप आला होता. आमच्या पोरीला खोटी म्हणता?

त्याच रागात त्यानं ते ठोकळे बाहेर काढले. लॅबमध्ये कठीणपणा मोजायचं मशीन होतं. हिऱ्याचं बारीक टोक धातूवर दाबायचं आणि खड्डा केवढा पडला ते बघायचं. कांडी नवीन असताना पूनमबरोबर त्यानंच मापं घेतली होती, खड्डा इवलासा पडायचा, पूनम टाळी वाजवायची. आता त्यानं काळा ठोकळा खाली धरला आणि टोक दाबलं. खड्डा मोठा पडला. मशीन बिघडलं असेल म्हणून त्यानं दुसरा ठोकळा घेतला. तोही तसाच. मग त्यानं साधं, न दाबलेलं ॲल्युमिनियम ठेवून बघितलं. पूनमचा धातू त्याच्या जवळजवळ येऊन बसला होता.

धुळाप्पा स्टुलावर बसला. कुऱ्हाडीचा दांडा मोडला की आत अडकलेला तुकडा काढायला आळशी माणूस कुऱ्हाड चुलीत घालतो. लाकूड जळून निघतं, पण पात्याचं पाणी उतरतं, धार टिकत नाही, आणि मग ती कुऱ्हाड नुसती मिरवायची. हे धनगराच्या शेंबड्या पोराला पण ठाऊक असतं. लोखंडाला लावायचा तो नेम ॲल्युमिनियमला लागेल हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. त्याचं सगळं आयुष्य ओतीव लोखंडात गेलं. प्रेसच्या आचेनं त्याला कधी काही झालं नाही, कारण ते भट्टीतूनच आलेलं असतं. आणि या पोरीनं दाबून दाबून मोडलेल्या ओळी, त्या तेवढ्याशा आचेनं परत आपापल्या जागी जाऊन बसल्या. पंगत सरळ झाली. करायला गेला गणपती आणि झाला मारुती. हे सगळं त्याला एका दमात कळलं.

तो तसाच गुरुशांत सरांच्या खोलीत गेला.

"सर, माझ्या हातनं घाण झाली," तो म्हणाला, आणि त्यानं सगळं सांगितलं. प्रेसचं, बेकेलाईटचं, खड्ड्यांचं. "पोरीची काय चूक न्हाय. तुमी लिवून घ्या, अंगठा नगो, मी सही करतो. मला काढून टाका."

सरांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी दार लोटून घेतलं.

"मामा, बसा. मी हे लिहिलं तर पहिला प्रश्न काय येईल? संशोधनाचा माल ठेकेदाराच्या माणसाच्या हातात गेला कसा? म्हणजे परत तिचाच निष्काळजीपणा. वर म्हणतील, लेख मागं गेल्यावर बरं कारण सुचलं. आणि समजा मानलं त्यांनी, तरी काय? ते तिथं होतं हे कशावरून? जळालं ते जळालं."

"पण मला ठावं हाय की."

"तुम्हाला तुकडे नरम झालेले ठाऊक आहेत, मामा. तिला जे दिसलं ते तुम्हाला ठाऊक नाही."

 माणूस पापाची कबुली द्यायला येतो आणि कबुली घ्यायलाच कुणी तयार नसतं, याच्यासारखी फजिती नाही. नोकरी गेली असती तर मनाला जरा तरी बरं वाटलं असतं. तीही कुणी घेईना.

घरी गेल्यावर त्यानं मायाक्काला सांगितलं. "विचारून बगा म्हणलं व्हतं," एवढं ती बोलू शकली असती.  तिनं डोक्यावरचा पदर तोंडात धरला आणि रडली. त्याला वाटलं, शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

पूनम लॅबच्या किल्ल्या द्यायला आली तेव्हा पाऊस लांबला होता आणि ऊन अजून तसंच होतं. सांगोल्यात एका शाळेत तिनं शिकवायची नोकरी धरली होती, घरात लग्नाचं बोलणंही सुरू झालं होतं. तिनं टेबलाचा खण रिकामा केला. धुळाप्पा समोर जाऊन उभा राहिला.

"पोरी, ते मी जाळलं. प्रेसमदी."

"मला पुण्यातच कळलं, मामा. डबा उघडला, काळं दिसलं, तवाच."

"मग त्या कमिटीत बोलली का न्हाईस? माझं नाव घ्यायचं व्हतंस."

"तुमाला काढलं असतं. मामीचं इन्शुलिन कुठनं आणलं असतंत?" ती म्हणाली. "आन् माझं काय परत आलं असतं? मी तरी बगितलं, बरं का. वाटलं, एखाद्या कोपऱ्यात राहिलं असंल. सगळ्या ओळी सरळ झालत्या. यंत्रावरचा माणूस म्हणला, लई सुंदर तयार केलंय सँपल."

धुळाप्पा एक पाऊल पुढं झाला.

"पर ते व्हतं की. तुला दिसलं व्हतं. कायतरी व्हतं म्हणून तर नरम पडलं."

"कायतरी व्हतं, ते खरं," पूनम म्हणाली. "तेच व्हतं का, ते आता मला पण सांगता येत न्हाय, मामा. फोटो रोज बगते. पयलं रेघ स्पष्ट दिसायची. आता कधी दिसती, कधी नुसतं ठिपकं दिसतात. वाटतं, लोकं म्हणत होती ते खरंच असंल. मलाच हवं होतं म्हणून दिसलं असंल."

ती रडली नाही. रडली असती तर त्याला तिच्या डोक्यावर हात तरी ठेवता आला असता. किल्ल्या टेबलावर ठेवून ती गेली. एवढी हिमतीची पोर, जगाशी भांडायला निघालेली, आणि आता स्वतःच्या डोळ्यांवरचा तिचा भरवसा उडाला होता. तुकडे जाळले ते एक वेळ सोडा. हे दुसरं जे जळालं ते धुळाप्पाला सोसेना. त्या दिवशी तो कुंभारीपर्यंत चालत गेला.

दिवाळीनंतर कॉलेजला बाहेरची तपासणी समिती यायची होती. भिंतींना रंग दिला, कुंड्या आणल्या. लॅबमध्ये काचेचं कपाट ठेवलं आणि त्यात दाखवण्यासारखं काहीतरी मांडायचं ठरलं. सरांच्या माघारी कुणीतरी जुन्या कपाटातला डबा उघडला, ते काळे ठोकळे बघितले आणि मखमलीवर ओळीनं मांडून टाकले. धुळाप्पानं सकाळी येऊन बघितलं.  काढावेत म्हणून तो पुढं झाला, पण कपाटाला कुलूप घालून झालं होतं आणि पाहुणे जिन्यावर होते.

समितीत एक पिकल्या केसांचे गृहस्थ होते, धातूशास्त्राचेच. बाकीचे पंख्याखाली उभे राहिले, हे मात्र कपाटापाशी थांबले. चष्मा काढून त्यांनी काचेला नाक लावलं.

"ॲल्युमिनियम? असं तयार झालेलं ॲल्युमिनियम मी फार कमी ठिकाणी बघितलंय. कुणी केलं?"

 गुरुशांत सरांनी धुळाप्पाकडं हात केला. "हे आमचे मामा."

त्या गृहस्थांनी सगळ्यांसमोर पुढं येऊन धुळाप्पाचा हात हातात घेतला. चांगला माणूस होता, मनापासून करत होता. "असे हात राहिले नाहीत आता," ते म्हणाले. मग सरांकडं वळून त्यांनी विचारलं, "यावर काम काय झालं?"

"एक विद्यार्थिनी करत होती," सर म्हणाले. "विशेष काही निघालं नाही."

"निघालं व्हतं, साहेब," धुळाप्पा म्हणाला. त्याचा हात अजून त्यांच्या हातात होता. "आमच्या पोरीला दिसलं व्हतं त्यात. ॲल्युमिनियममदी व्हत न्हाय म्हणतात, तेच. हे पॉलिश करताना मी जाळलं."

 त्या गृहस्थांनी धुळाप्पाच्या तोंडाकडं बघितलं, मग सरांच्या. सर कपाटाच्या कुलपाकडं बघू लागले. मागून कॉलेजचे कुणी अधिकारी हसले आणि म्हणाले, "मामा जुने आहेत आमचे, जरा बोलतात." गृहस्थही हसले, त्यांनी धुळाप्पाच्या खांद्यावर थोपटलं, हात सोडला आणि ते पुढच्या कपाटाकडं गेले.

"मामा," सर हळू आवाजात म्हणाले, "पाहुण्यांना चहा सांगा."

धुळाप्पा चहा सांगायला गेला.